आखाजीच्या बारातले दगड

सातपुड्याच्या पायथ्याशी, गोमाईच्या काठावर टेकवाडे नावाचं गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर एक बरडी होती. बरडी म्हणजे उंचावरची खडकाळ जमीन. तिच्यावर फक्त दगड पिकत. पण पिकत ते बारमाही, आणि टोळधाड आली तरी एक दाणा कमी होत नसे. वैशाखात ती अशी तापे की सरडेसुद्धा एकमेकांच्या पाठीवर बसून पाळीपाळीनं ती ओलांडत. ज्याला हे खोटं वाटेल त्यानं भर दुपारी अनवाणी वर जाऊन यावं, मग तोंड उघडावं.

इंग्रजी अमलातली गोष्ट. एका फाल्गुनात या बरडीवर पुण्याचे टिपणीस प्रोफेसर आले. नंदुरबारला आगगाडीतून उतरले ते मिरचीच्या खळ्यांच्या वाऱ्यात सापडले आणि शिंकत शिंकत बैलगाडीत बसले. गाडी टेकवाड्याच्या शिवेवर आली तेव्हा गावकऱ्यांना आधी शिंक ऐकू आली, मग बैल दिसले आणि सगळ्यांत शेवटी प्रोफेसर दिसले. चष्मा जाड, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, गळ्यात झोळी. चावडीत उतरले आणि दुसऱ्या दिवसापासून बरडीवर दगड वेचू लागले.

माणूस दगड वेचतो म्हटल्यावर गाव त्याला वेडा म्हणणारच. पण त्यांच्यावर देखरेख करायची तालुक्याची आज्ञा होती गावच्या पोलीस पाटलाला, म्हणजे हिलाल पाटलाला. त्यामुळे हिलाललाही रोज झोळी धरून मागे हिंडावं लागे. आधी त्याला लाज वाटायची. मग एक दिवस प्रोफेसरांनी त्याच्या तळहातावर एक गारगोटी ठेवली. पेरूएवढी, एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूनं धारदार.

"मूठ मिटा, पाटील."

हिलालनं मूठ मिटली. दगड मुठीत असा बसला, जणू त्याच्या हाताचं माप घेऊनच कुणी तो घडवला होता.

"हजारो वर्षांपूर्वी इथे बसून एका माणसानं हा ठोकून घडवला," प्रोफेसर म्हणाले. "त्याला लोखंड माहीत नव्हतं. शेती माहीत नव्हती."

"मंग शेतसारा बी नही?"

"नाही."

"सुखी माणूस," हिलाल म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याला दगडांचं वेड लागलं. ठोकताना उडालेले छिलके, धारदार पाती, कुऱ्हाडीसारखे मोठे दगड, सगळं तो ओळखू लागला. प्रोफेसरांना एक खोड होती, दगड सापडला की त्याला जिभेचं टोक लावून बघायचे. जुना दगड जिभेला चिकटतो म्हणे. हिलालही चाटू लागला. गावात बातमी पसरली की पाटलाला घरी मीठ मिळत नाही.

पण हे दगड सरकारजमा व्हायचे होते, त्यामुळे हिलालला त्यांचं नुसतं वेड नव्हतं, त्यांच्यावर त्याची पाटीलकी टांगलेली होती. त्याचं असं झालं. मागच्या हिवाळ्यात मामलेदारसाहेबांचा मुक्कामाचा तंबू हिलालच्या पहाऱ्यातून नाहीसा झाला होता. हिलालचं म्हणणं, वावटळ आली, तंबू खुंट्यांसकट उडाला, सातपुडा ओलांडून थेट मोलगीच्या आठवडे बाजारात पडला आणि तिथल्या लोकांनी त्याचे सदरे शिवले. मामलेदारांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाटील, पुन्हा एक सरकारी वस्तू हरवू द्या. पाटीलकी तुमच्या चुलतभावाकडे जाईल." चुलतभाऊ चुडामण तेव्हा शेजारीच उभा होता. त्यानं त्याच संध्याकाळी पाटलाचा फेटा कसा दिसतो ते घरच्या पितळी परातीत पाहून घेतलं.

वैशाख लागला. प्रोफेसरांनी बरडी अशी वेचून काढली की वर झाडलोट केल्यासारखी दिसू लागली. निवडक दगड त्यांनी नदीत धुतले आणि काठच्या रेतीवर पोती अंथरून लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं वाळत मांडले. प्रांतसाहेबांना ते दगड पाहायचे होते. प्रोफेसर त्यांना आणायला शहाद्याला निघाले.

"पाटील, उद्या दुपारपर्यंत साहेब इथे असतील. तोवर हे दगड म्हणजे तुमचा जीव."

"चिंता नका करू. चिमणी बसू देणार नाही," हिलाल म्हणाला.

आणि चिमणी बसू दिलीही नाही. पण तो दिवस आखाजीचा होता.

आता आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण ती काय चीज आहे, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. दिवाळी आमच्याकडे येते आणि जाते. आखाजी येते ती राहायला येते. घराघरात घागरी पुजल्या जातात, सांजोऱ्या तळल्या जातात, आमरसाची पातेली भरतात, झाडाझाडाला झोके बांधले जातात. सासुरवाशिणी माहेरी येतात. बायका माहेरी गेल्या म्हणून मोकळे झालेले पुरुष चावडीत पत्ते कुटायला बसतात, आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. हिलालची बायकोही माहेरी गेली होती. त्यानं पोटभर आमरस ओरपला, नदीवर जाऊन दगडांवर एक नजर टाकली, आणि "एकच डाव" म्हणून चावडीत बसला. आखाजीला एकच डाव खेळून उठलेला माणूस अजून जन्मायचा आहे.

इकडे गोमाईवर बार सुरू झाला.

बार ही टेकवाडे आणि पलीकडचं भोरखेडे यांच्या बायकांची आखाजीची लढाई. नदीच्या डोहाच्या या काठाला टेकवाड्याच्या बाया, त्या काठाला भोरखेड्याच्या. आधी शिव्या, त्याही गाण्यात. मग दगड. दगड अंगावर मारायचा नाही, समोरचीच्या पुढ्यातल्या पाण्यात असा आपटायचा की ती भिजली पाहिजे. भिजली ती मागे सरली, जी बाजू मागे सरली ती हरली. पुरुषानं त्या वेळी रेतीवर पाऊल ठेवायचं नाही. ठेवलं तर दोन्ही गावांच्या बाया त्याच्यावर तुटून पडणार आणि त्याची दाद ना चावडीत लागणार, ना कचेरीत.

टेकवाड्याकडून त्या वर्षी पुढे होती शोभाबाई, हिलालची धाकटी बहीण. ती दिलेली होती भोरखेड्यातच, आखाजीपुरती माहेरी आलेली. समोर भोरखेड्याची म्होरकी होती कालीबाई, शोभाबाईची सख्खी सासू. वर्षभर जिच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, तिला वर्षातून एक दिवस नदीच्या पलीकडून मनसोक्त ऐकवायचं. एवढ्यासाठी शोभाबाई बाकीचे दिवस काढायची.

बायका आधी दगड आणायला बरडीवर गेल्या होत्या, तर वर ओंजळभर दगड सापडेना. हिरमुसून त्या तशाच नदीवर उतरल्या. आणि पाहतात तर काय, त्यांच्या उभं राहण्याच्या जागेवर पोती अंथरलेली, पोत्यांवर धुतलेले, पुसलेले, मुठीत बसतील असे दगड, लहानमोठे ओळीनं लावलेले!

शोभाबाईला भडभडून आलं. भाऊ आखाजीला बहिणीला लुगडं देतो, चोळी देतो. पण बहिणीच्या मनातलं ओळखून दगड कोण देतो?

तिनं पहिला दगड उचलला आणि आवाज लावला:

"कालीबाईनं वरण, नदीनं पानी,
दाय धुंडाले गयी, बुडी गयी नानी!"

वरणात डाळ शोधायला गेलेली नानी बुडाली म्हटल्यावर काठावर हसण्याचा स्फोट झाला आणि दगड सुटला. असे दगड बारात कोणी कधी पाहिले नव्हते. ते पाण्यात पडेनातच. घारीसारखे तरंगत डोह ओलांडायचे आणि पलीकडच्या रेतीत रुतायचे. एक तर म्हणे भोरखेड्याच्या मारुतीला प्रदक्षिणा घालून पिंपळाखाली विसावला. भोरखेड्याच्या बाया चार पावलं मागे सरल्या, मग आणखी सरल्या, मग काठ चढून गेल्या. टेकवाडे जिंकलं. मात्र जाताना कालीबाईनं रेतीतला एकेक दगड वेचून ओच्यात भरला. बारात आपल्या रेतीवर पडलेला दगड आपला, तो पुढच्या वर्षाला कामी येतो.

दिवस कलला तेव्हा हिलाल डाव हरून घरी आला. शोभाबाई दारातच उभी होती, गुलालानं माखलेली.

"दादा, तुन्हासारखा भाऊ कोनले नही रे! लुगडं कोनीबी दी. पन दगड धोयीसन, पुशीसन, वळमां लावीसन कोन ठेवस?"

"कोनता दगड?" हिलालनं विचारलं.

"नदीवरना! एक बी वाया नही गया. समदा भोरखेडामां पोचाडी दिधात!"

 मामलेदारापुढे न अडखळता वावटळ उभी करणारा हा माणूस. पण बहिणीच्या तोंडाकडे पाहून त्याला ना खरं बोलवेना, ना खोटं. "बेस करं, बाई," एवढंच म्हणाला आणि धोतर वर खोचून नदीकडे पळत सुटला.

पलीकडे कालीबाई अंगणात बाजेवर बसली होती. पुढ्यात दगडांचा ढीग. प्रोफेसरांची सगळ्यांत लाडकी हातकुऱ्हाड, जिच्यासाठी ते दोन जेवणं विसरले होते, ती हातात घेऊन कालीबाई पाट्यावर मिरच्या ठेचत होती.

"या, पाटील, या! आखाजीना पाव्हना! बठा. जरा ठेचा चाखा. काय सुंदर दगड शे हो, मिरची नुसती देखीसन फुटस."

"विहीनबाई, त्या दगड सरकारी शेतस. परत द्या."

"सरकारी?" कालीबाईनं भुवया चढवल्या. "मंग आमनावर सरकारनी फेकात का? माले ते तुमनी बहीनना आवाज वाटना."

"मन्ही पाटीलकी जाई, विहीनबाई! उद्या प्रांतसाहेब यी ऱ्हायना. दगड नही दिसनात ते चुडामण पाटील व्हई."

कालीबाई ठेचायची थांबली. चुडामणचं नाव तिलाही कडू होतं. पण शोभाबाईचं वरणाचं गाणं अजून कानात ताजं होतं, आणि भोरखेड्यातली शेंबडी पोरंसुद्धा बार संपल्यापासून तेच गात होती.

"बारमां उना दगड हातमां देवानी रीत नही," ती म्हणाली. "जसा उनात, तसाच जातीन. सकायले शिळी आखाजी शे. आम्ही फेकसूत, तुम्ही येची ल्या. पन शोभी मी सांगस तोपावत तोंड उघाडाव नही. मी म्हनसू, ती ऐकी."

"ते व्हई," हिलाल म्हणून गेला. शोभीचं तोंड बंद करण्यापेक्षा गोमाईला बांध घालणं सोपं.

"आनि ज्यानी दगडनी राखण करी, तो समोर उभा ऱ्हाई."

"मी? बारमां माणूस चालस का?"

"माणूस नही चालस," कालीबाई म्हणाली. "लुगडं चालस."

हिलालचा हात मिशीवर गेला.

"आनि हात भरेल पाहिजेत, बरं. रिकामा हातनी बाई मी बारमां उभी करत नही."

घरी येऊन हिलालनं शोभाबाईला सगळं सांगितलं. दगड कोणाचे, कशासाठी मांडले होते, पाटीलकी कशी टांगली आहे, आणि कालीबाईची अट. शोभाबाई ऐकत राहिली. मग म्हणाली,

"म्हंजे त्या मन्हासाठी नव्हतात?"

 हिलालला वाटलं, पाटीलकी गेलेली परवडली. ती उठून आत गेली. तो बाहेर बसून राहिला. बऱ्याच वेळानं ती आली ती हातात आपलं लाल लुगडं घेऊनच.

"चोळी तुले व्हवाव नही, उपरणं गुंडाय," ती म्हणाली. "आनि हात इकडे कर."

"तू मुकी ऱ्हाशी?"

"ऱ्हासू. पन मन्हं पोट फुटी गयं ते तू भरी देशी, सांगी ठेवस."

बांगड्या चढवणं सोपं नव्हतं. नांगर धरलेला हात, त्यात बहिणीच्या मापाच्या हिरव्या काचा. साबण झाला, तेल झालं, शेवटी म्हशीचं लोणी झालं. हिलाल एकेका बांगडीला असा ओरडला की शेजारच्या गोठ्यात गाय वेळेआधी व्याली. पण हात भरले.

सकाळी दोन्ही काठ बायकांनी फुलून गेले. शिळ्या आखाजीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, बार कधी होत नाही, त्यामुळे झोके सोडून पोरीबाळी धावल्या. टेकवाड्याच्या बायांनी रेतीवर पोती अंथरली. मध्ये उभी राहिली एक धिप्पाड, लाल लुगड्यातली बाई, पदर नाकापर्यंत ओढून. तिच्या शेजारी शोभाबाई, ओठ गच्च मिटून.

कालीबाईनं कमरेवर हात ठेवले, घसा साफ केला आणि सुरू झाली:

"टेकवाडाना पाटील, मोठा पहारेदार,
डोया देखत तंबू लई गयी घार!"

दगड आला आणि लाल लुगड्याच्या पायाशी पडला. बायांनी तो उचलून पोत्यावर ठेवला. मग एकामागून एक सुरू झालं. हिलालच्या मिशीवर एक गाणं, पत्त्यांवर एक, दगड चाटण्यावर तर तीन कडवी. प्रत्येक कडव्याला एक दगड, प्रत्येक दगडाला दोन्ही काठांवर हशा. टेकवाड्याच्याच बाया पदरात तोंड घालून हसत होत्या, कारण एरवी पाटलाला असं कोणी बोललेलं ऐकायला मिळत नाही. हिलाल मात्र पदराआडून नुसता दगडांकडे बघत होता. हे पातं आलं. तो छिलका आला. तो गोल दगड आला. कालीबाईनं त्याच्या आजोबांना गाण्यात आणलं तेव्हा त्याच्या मुठी वळल्या, बांगड्या करकरल्या. पण तेवढ्यात पोत्यावर आणखी एक दगड टेकला आणि त्यानं आजोबांना मनातल्या मनात हात जोडले.

खरे हाल शोभाबाईचे होते. एकेका कडव्याला तिच्याकडे तीन-तीन उत्तरं तयार होती. ती गिळून गिळून तिचे गाल भोपळ्यासारखे फुगले. तिच्या पोटात गाणी अशी उकळत होती की शेजारी उभ्या बाईला वाफ लागली.

ढीग जवळजवळ पुरा होत आला आणि काठावर घोडा फुरफुरला.

प्रांतसाहेब दुपारी यायचे होते. पण चुडामणला रात्रीच कुणकुण लागली होती. तो पहाटेच शहाद्याच्या वाटेवर जाऊन उभा राहिला, साहेबांचा घोडा अडवला आणि सांगितलं की दगड गेले आणि पाटील फरारी आहे. साहेब घोड्यावर, मागे प्रोफेसर तट्टावर, आणि पुढे चुडामण, अशी वरात आंब्याखाली येऊन थांबली. साहेब घोड्यावरून उतरले नाहीत. प्रोफेसर उतरायला गेले ते रिकिबीत अडकले.

"देखा साहेब!" चुडामण ओरडला. "बाया दगड फेकी ऱ्हायन्यात! पाटीलना पत्ता नही!" आणि एवढ्यात त्याची नजर लाल लुगड्यावर पडली. गावात एवढ्या उंचीची बाई नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याचे डोळे चमकले. "थांबा साहेब, पाटील दखाडस तुमले!"

तो काठ उतरला आणि पदर ओढायला हात पुढे करून थेट रेतीवर चालत आला.

पाटीलकीच्या घाईत तो एक गोष्ट विसरला. बार चालू होता आणि तो पुरुष होता.

आधी कोणाचा हात उठला ते सांगता येत नाही. इकडून ढेकळं, तिकडून शेणाचे पोवटे, दोन्हीकडून पाणी. सात पिढ्या एकमेकांविरुद्ध लढलेली दोन गावं पहिल्यांदा एका बाजूनं लढली, आणि त्यांचा नेम काय वर्णावा! कालीबाईनं पलीकडून फेकलेल्या पोवट्यानं चुडामणचा फेटा उचलला आणि चिंचेच्या शेंड्यावर ठेवला. तिथे एका कावळ्यानं त्याच वर्षी पिल्लं काढली. चुडामण डोहात पडला, उठला, पुन्हा पडला आणि पोहत पोहत वळणापलीकडे दिसेनासा झाला.

"हा काय प्रकार आहे?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

प्रोफेसर तोवर रिकिबीतून सुटून धडपडत पोत्यांपाशी पोचले होते. चष्म्यावर धूळ बसलेली. त्यांना बाया दिसत नव्हत्या, दगड तेवढे दिसत होते. "आहेत! सगळे आहेत, साहेब!" त्यांनी लाडकी हातकुऱ्हाड छातीशी धरली, मग सवयीनं तिला जीभ लावली.

कालीबाईच्या ठेच्यानं आपलं काम केलं. प्रोफेसरांनी जी किंकाळी फोडली तिनं आंब्यावरच्या कैऱ्या गळल्या. नदीत तोंड बुडवून ते वर आले तेव्हा डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हातात एक वेगळाच दगड. लांबट, पानाच्या आकाराचा, दोन्ही कडांना दातेरी.

"हा माझा नाही," ते पुटपुटले. "आणि हाही नाही. बरडीवर असा एकही नव्हता! हे आले कुठून?"

झालं होतं असं की कडवी जास्त आणि दगड कमी पडू लागले, तेव्हा भोरखेड्याच्या बायांनी आपल्या बाजूच्या टेकाडावरचे दगड आणून फेकले होते. प्रोफेसर शोभाबाईकडे वळले. तिनं नुसतं बोट पलीकडे केलं. प्रोफेसर डोहाकडे असे पाहू लागले, जणू पलीकडे काशी आहे.

"ते राहू द्या, टिपणीस," साहेब म्हणाले. "पाटील कुठे आहे? मी आलो आणि गावचा पाटील हजर नाही?"

 उत्तर द्यायला शोभाबाई होती, पण तिचं तोंड अटीत बांधलेलं. तिनं सासूकडे पाहिलं. लाल लुगडंही तिकडेच वळलं. पलीकडे कालीबाई उभी होती, आणि एका शब्दात ती हिलालला पाटील ठेवू शकत होती किंवा बुडवू शकत होती. ते तिलाही कळत होतं. तिनं आधी कपाळाचा घाम पुसला. मग पदर सारखा केला. मग पायातला काटा काढला, तो नव्हताच.

"पाटील?" ती शेवटी ओरडली. "तो ते आमना घर शे! शिळी आखाजीना पाव्हना. आमरस खाई ऱ्हायना. धाडी देस आते!"

साहेबांनी मान हलवली. लाल लुगडं नेसलेली बाई वाकून, कण्हत, म्हातारीसारखी पाण्यातून पलीकडे गेली. कालीबाईच्या घरात हिलालनं मेहुण्याचं धोतर नेसलं, फेटा बांधला. बांगड्या मात्र निघेनात. लोण्याचा हात लावला, तरी निघेनात.

"फोडा, विहीनबाई! लवकर!"

"आखाजीले बांगडी फोडतस का? जीभ झडी तुमनी!" कालीबाई म्हणाली आणि त्याला दारातून ढकललं.

हिलाल अंगावर उपरणं पांघरून, हात आत लपवून पाण्यातून इकडे आला. हात न जोडता "रामराम, साहेब" म्हणाला. साहेबांनी भुवई उंचावली. मामलेदारांनी तंबूची हकीकत त्यांच्या कानावर घातली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पण प्रोफेसरांना राहवेना. "पाटील! तुम्ही माझे दगड सांभाळलेत, वर नवे मिळवलेत! तुमच्यासारखा पाटील अख्ख्या इलाख्यात नाही!" असं म्हणून त्यांनी उपरण्यात हात घातला, हिलालचे दोन्ही हात बाहेर ओढले आणि गदागदा हलवू लागले. हिरव्या काचा खळखळ वाजल्या.

नदीचं पाणीसुद्धा थबकलं असावं. साहेबांनी बांगड्यांकडे पाहिलं. मग मिशीकडे पाहिलं. मग पोत्यांवरच्या दगडांकडे, मग पलीकडे उभ्या कालीबाईकडे आणि गाल फुगवून उभ्या शोभाबाईकडे पाहिलं. घोड्याचा लगाम त्यांनी सावकाश हातात गुंडाळला.

"टिपणीस," ते म्हणाले, "पाटलांचे हात सोडा. फुटतील."

आणि घोडा वळवता वळवता हिलालला म्हणाले, "मामलेदारांना सांगतो, सरकारी माल जागेवर आहे. पाटीलही."

हिलालनं वाकून मुजरा केला, तशा बांगड्या पुन्हा वाजल्या. तेवढ्यात पलीकडून कालीबाईची हाक आली,

"शोभे! बोल आते!"

शोभाबाईनं तोंड उघडलं. सकाळपासून साठलेलं ते एकदम बाहेर पडलं, वरणापासून सुरू होऊन सासूच्या सात पिढ्यांच्या चुलींपर्यंत. कालीबाई कमरेवर हात ठेवून, मान डोलवत, लेकीचं कौतुक ऐकावं तशी ऐकत होती. प्रोफेसर तर केव्हाच धोतर डोक्याला गुंडाळून डोहात उतरले होते आणि पलीकडच्या टेकाडाकडे निघाले होते. प्रांतसाहेबांचा घोडा मात्र पहिल्याच कडव्याला उधळला, तो शहाद्याची वेस आली तरी थांबेना.